मुगाच्या पेल्यावर जागता पहारा

भिंतीवरच्या काट्यांच्या घड्याळासमोर एकदा बसून बघा. सेकंदकाटा टुणटुण उड्या मारत पुढे जातो, तो तर दिसतोच. मिनिटकाट्यावर नजर रोखून बसलं, तर तोही सरकताना कसाबसा पकडता येतो. आता तासकाटा पकडून दाखवा!

लहानपणी मामाने माझ्याशी पैज लावली होती. पंधरा मिनिटं घड्याळासमोर बसायचं आणि तासकाटा हलताना दिसला की ओरडायचं. बक्षीस पाच लिमलेटच्या गोळ्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत मी बसलो. काटा ढिम्म. शेवटी कंटाळून उठलो, पाणी प्यायलो, अंगणात क्रिकेट चाललं होतं तिकडे जरा रेंगाळलो. परत येऊन बघतो तर हा लबाड सात सोडून आठापाशी जाऊन बसलेला! गोळ्या मामानेच खाल्ल्या. माझ्यासमोर बसून, एकेक चोखत.

आता हिशेब करा. तासकाटा बारा तासांत एक पूर्ण फेरी मारतो, म्हणजे ३६० अंश. तासाला झाले ३० अंश आणि मिनिटाला अर्धा अंश. मी बसलो होतो त्या पंधरा मिनिटांत तो चांगला साडेसात अंश सरकला होता. माझ्या नाकासमोर! पण इतकी सावकाश हालचाल आपल्या डोळ्यांना हालचाल म्हणून कळतच नाही. ‘मघाशी इथे होता, आता तिथे आहे’ एवढंच कळतं.

जगात असे तासकाटे खूप आहेत. इडलीचं पीठ रात्रभर फुगतं, पण फुगताना कुणी पाहिलंय? गुलबक्षीची कळी दुपारी मिटलेली असते आणि संध्याकाळी खेळून परत येईपर्यंत फूल झालेली असते. भिजवलेल्या मुगाला मोड येतात ते तर नेहमी आपण झोपल्यावरच. जणू काही ही सगळी मंडळी आपली पाठ वळायची वाट बघत असतात.

यांच्यावर पहारा ठेवायला एक जागल्या हवा. न कंटाळणारा, न झोपणारा, पाणी प्यायला न उठणारा. असा जागल्या आपल्या घरात असतो. तो म्हणजे कॅमेरा, नाहीतर मोबाइल फोन.

युक्ती सोपी आहे. व्हिडिओ म्हणजे काय? भराभर एकामागून एक दाखवलेले फोटो. सेकंदाला साधारण पंचवीस फोटो डोळ्यांसमोरून गेले, की आपल्याला ते सुटे फोटो न दिसता हलतं चित्र दिसतं. हे फोटो नेहमी काढतातही तितक्याच वेगाने, सेकंदाला पंचवीस. आता समजा, आपण काढताना आळशीपणा केला. दर दहा मिनिटांनी एकच फोटो काढला आणि दाखवताना मात्र नेहमीसारखे सेकंदाला पंचवीस दाखवले. मग काय होईल? दहा गुणिले पंचवीस, म्हणजे अडीचशे मिनिटं एका सेकंदात पळून जातील. चार तासांहून जास्त वेळ, चुटकी वाजवेपर्यंत खलास. याला म्हणतात टाइमलॅप्स.

यात नवीन काही नाही बरं का. ही युक्ती मोबाइलच्या पणजोबांच्या काळातली आहे, आणि तिच्यातली एक फार झकास गोष्ट आपल्या मुंबईतली आहे.

साल १९१२. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले एक गृहस्थ तेव्हा मुंबईत राहत होते. धुंडिराज गोविंद फाळके त्यांचं नाव. म्हणजे आपले दादासाहेब फाळके. ते चित्रकला शिकले होते, त्यांनी फोटोग्राफी केली होती, छपाईचा धंदा केला होता. ते जादूचे प्रयोगही करायचे, आणि जादूगार म्हणून त्यांनी घेतलेलं नाव होतं ‘प्रोफेसर केळफा’. हे नाव जरा उलटं वाचा. के-ळ-फा. कळलं?

या केळफा प्रोफेसरांना सिनेमा काढायचं वेड लागलं होतं. लंडनला जाऊन ते सिनेमा कसा काढतात ते पाहून आले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. अडचण एकच होती. पैसे! आणि पैसे देणार कोण? ‘मी हलणारी चित्रं काढणार आहे’ असं एखाद्या सावकाराला सांगितलं, तर तो काय म्हणेल? आधी दाखव, मग बोलू.

मग दादासाहेबांनी काय केलं असेल? त्यांनी राजा आणला नाही, राणी आणली नाही, घोडे तर नाहीतच. एका कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावला. वाटाणा रुजला, कोंब वर आला, पानं फुटली, वेल झाली. महिन्याभराहून जास्त काळ ते थोडं थोडं चित्रण करत राहिले. तयार झालेली फिल्म जेमतेम मिनिटभराची होती. तिचं नाव ‘अंकुराची वाढ’. बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मातीतून कोंब उसळून वर आला आणि भराभर वेल झाला. ते बघून कर्ज द्यायला माणसं तयार झाली. पुढे ३ मे १९१३ला गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, ते तुम्हांला ठाऊकच असेल. म्हणजे आपल्याकडच्या राजा हरिश्चंद्राच्या आधी वाटाण्याने नायकाचं काम करून टाकलं होतं!

या गोष्टीत एक गंमत लपली आहे. दादासाहेब रोज एकच चित्र घ्यायचे, असं बरेचदा सांगितलं जातं. मीही ते खूप वर्षं जसंच्या तसं मानत होतो. मग एकदा पेन्सिल घेऊन हिशेब मांडला आणि चक्रावलो. तुम्हीही मांडा. त्या काळचा कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालवायचे आणि एका सेकंदाला साधारण सोळा चित्रं लागायची. रोज एक चित्र घेतलं, तर महिन्याची झाली तीस. तीस भागिले सोळा, म्हणजे पुरते दोन सेकंदही नाहीत. शिंकलात तर सिनेमा संपला! मिनिटभराच्या फिल्मला साठ गुणिले सोळा, म्हणजे ९६० चित्रं हवीत. तीस दिवसांत ती काढायची तर रोज बत्तीस. दिवसाच्या उजेडातले आठ तास धरले, तर दर पंधरा मिनिटांनी एक चित्र. म्हणजे कुंडीसमोरून हलायची सोयच नाही. नेमकं काय झालं ते बघायला आपण तिथे नव्हतो, पण ‘रोज एक’ या गोष्टीवर माझा काही विश्वास बसत नाही. मोठ्या माणसांच्या गोष्टी जरूर ऐकाव्यात, पण भागाकार आपण स्वतः करावा.

त्याच सुमारास तिकडे लंडनमध्ये पर्सी स्मिथ नावाचे एक गृहस्थ याच उद्योगात होते. १९१०मध्ये त्यांनी फुलं उमलतानाची फिल्म काढली, ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’. त्यांनी तर राहत्या घराचाच कारखाना करून टाकला होता. कॅमेरा आपोआप चालावा म्हणून नाना खटपटी केल्या होत्या आणि रात्री काही बिघडलं, तर आपल्याला जाग यावी म्हणून घरात घंटा लावून ठेवल्या होत्या. फूल उमलायचं थांबत नाही, कॅमेरा मात्र थांबू शकतो. मग उठा रात्री दोनला. त्यांच्या घरच्यांना याबद्दल काय वाटत असेल, याचा विचार करून मला हसू येतं.

आपल्याला एवढा खटाटोप नको. आपला नायक वाटाणाही नको, कारण तो दाखवतो कमी आणि लपवतो जास्त. वाटाण्याची डाळिंबी, म्हणजे त्या दोन गुबगुबीत पाकळ्या, मातीतच राहतात आणि नुसता कोंब वर येतो. मुगाचं तसं नाही. मूग त्या दोन्ही पाकळ्या डोक्यावर घेऊनच वर येतो. शिवाय मूग घरात असतो आणि घाईचा असतो. शूटिंगला घाईचा नट केव्हाही बरा.

तर सामान असं. एक सरळ भिंतींचा काचेचा पेला. त्याच्या आतून टिपकागद गोल लावायचा. टिपकागद आता कुठे मिळतो म्हणा, टिश्यू पेपरच्या तीन-चार घड्या चालतील. मधल्या पोकळीत कापूस भरायचा, म्हणजे कागद काचेला चिकटून राहतो. रात्रभर भिजवलेले मूग काच आणि कागद यांच्या मध्ये खोचायचे, पेल्याच्या वरच्या काठापासून बोटभर खाली. सहा पुरेत. मग कापूस ओला करायचा. तळाशी पाणी जेमतेम राहील इतकंच. मूग पोहायला लागले तर कुजतात आणि मग टाइमलॅप्स निघतो तो वासाचा.

आणि फोन? इथे खरी अडचण आहे. आईचा फोन तीन-साडेतीन दिवस मिळणं ही टाइमलॅप्समधली जगातली सर्वांत अवघड तांत्रिक समस्या आहे. तिच्यावर उपाय म्हणजे खणात पडलेला जुना फोन. काच तडकलेली असली तरी हरकत नाही, मागचा कॅमेरा धड असला की झालं. काही फोनमध्ये टाइमलॅप्सची सोय आधीच असते, पण त्यातले काही फोन दोन फोटोंमधलं अंतर स्वतःच ठरवतात, तुम्हांला विचारतही नाहीत. म्हणून ‘दर इतक्या वेळाने एक फोटो’ असं ठरवू देणारं एखादं ॲप मोठ्यांना विचारून घ्या.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही.

पहिल्या खेपेला मी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला होता. रात्री केव्हातरी तो हळूच घसरला आणि उताणा झाला. सकाळी माझ्याकडे छताच्या पंख्याचे दोनशे फोटो जमले होते. पंखा बंद होता. म्हणजे बंद पंख्याचा टाइमलॅप्स! तेव्हापासून मी फोन उभ्या विटेला रबरबँडने बांधतो. तिपाई असेल तर उत्तमच, पण वीट कधी दगा देत नाही.

दुसऱ्या खेपेला फोन पक्का होता. पण मधेच आत्याचा फोन आला, स्क्रीनभर तिचं नाव आलं आणि ॲप बंद पडलं. आत्याला दोष देण्यात अर्थ नाही. फोन विमान मोडवर टाकायला मीच विसरलो होतो. चार्जरही लावला नव्हता, म्हणजे तो तसाही पहाटे मान टाकणारच होता.

तिसऱ्या खेपेला सगळं जमलं असं वाटलं. फोटो जोडून व्हिडिओ केला, आणि काय बघतो? मूग लुकलुकतोय! दिवाळीच्या माळेसारखा. उजेड, अंधार, पिवळा, निळा. झालं होतं असं की पेला होता खिडकीत. ढग आला की उजेड कमी, गेला की जास्त. संध्याकाळी कुणीतरी ट्यूब लावली, रात्री मालवली. वर फोनचा आगाऊपणा. तो प्रत्येक फोटोच्या वेळी स्वतःच्या अकलेने उजेड कमीजास्त करत होता. यावर दोन उपाय. पेला खिडकीपासून लांब, खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि एकच एलईडी दिवा रात्रंदिवस चालू ठेवायचा. तो फार तापत नाही. आणि फोनच्या पडद्यावर मुगावर बोट दाबून धरायचं. बहुतेक फोनमध्ये तिथे कुलपाची खूण येते. म्हणजे उजेड आणि नजर दोन्ही तिथेच पक्की झाली, फोनला आता शहाणपणा करता येणार नाही.

चौथ्या खेपेला आमच्या घरातल्या एका व्यक्तीने ‘हे काय इथे मांडून ठेवलंय’ म्हणून पेला उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. नाव सांगत नाही, जेवायला तिथेच असतो. तेव्हापासून पेल्याशेजारी चिठ्ठी लावतो: ‘हात लावू नये. मुगाचं शूटिंग चालू आहे.’

पाचव्या खेपेला जमलं. दर दहा मिनिटांनी एक, म्हणजे तासाला सहा फोटो. साडेतीन दिवसांचे तास ८४. सहा गुणिले ८४ झाले ५०४ फोटो. भागिले पंचवीस. वीस सेकंदांचा सिनेमा!

काय दिसलं त्या वीस सेकंदांत? आधी मूग तट्ट फुगलेला. मग त्याचं हिरवं साल कडेला फाटलं आणि एक पांढरं टोक बाहेर आलं. आपण ज्याला मोड म्हणतो आणि उसळीत खातो ते म्हणजे हे मूळ. एक मूग मी मुद्दाम उलटा खोचला होता. त्याचं मूळ निघालं वरच्या दिशेला, जरा पुढे गेलं, आणि मग रस्ता चुकलेल्या माणसासारखं गर्रकन वळून खाली निघालं. मुळाला वर-खाली कळतं कसं? त्याच्या टोकातल्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात. ते वजनाने पेशीच्या तळाशी जाऊन बसतात, आणि जिकडे ते बसले तिकडे ‘खाली’ आहे हे मुळाला समजतं. पेला आडवा केलात तर कण घरंगळून नव्या तळाशी जातात आणि मूळ पुन्हा वळतं. हेही करून बघा, पण वेगळ्या पेल्यात.

मुळाला बारीक पांढरी लव आली, कापसाच्या धाग्यांसारखी. पहिल्यांदा मला ती बुरशी वाटली होती. बुरशी नव्हे, ती मूलरोमं. पाणी शोषायचं काम त्यांचं. मग मुगाच्या मागून एक कमान वर आली. मान खाली घातलेल्या मुलासारखं खोड! डोकं अजून खाली, पाठ वर. असं का? मूग मातीत असता, तर त्याला माती ढकलत वर यावं लागलं असतं. कोवळं टोक पुढे केलं असतं, तर खड्यांनी सोलून निघालं असतं. म्हणून तो मानेने माती ढकलतो आणि डोकं जपून मागून ओढून आणतो. कुंडीत पेरलेल्या मुगाने मातीचं चिमुकलं ढेकूळ मानेवर उचललेलं तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. उजेड लागला, की मान सरळ व्हायला लागते. पेल्यातला मूग उजेडातच होता म्हणून त्याची कमान लहान होती, तरी चांगली दिसली. मग ती सरळ झाली, दोन पाकळ्या फाकल्या आणि मधून घडी घातलेली पानं निघाली.

हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. त्यात सहसा नसते ती गोष्ट पुढे आहे. सहाही मूग डुलत होते! वारा नाही, खिडकी बंद, पंखा बंद. तरी प्रत्येक कोंब हळूहळू गोल गोल झुलत वर जात होता, भजनात रंगून गेल्यासारखा. खोडाच्या सगळ्या बाजू एकाच वेळी सारख्या वाढत नाहीत. वाढायची जणू पाळी लागते. आता ही बाजू, मग ती. त्यामुळे टोक फिरत राहतं. काही रोपांना अशी एक फेरी पुरी करायला तास-दोन तास लागतात. आपण इतकी वर्षं मुगाच्या रोपाला गपगुमान उभं राहणारं समजत होतो.

आणखी एक खोडी काढता येते. मुगांची मान सरळ झाली, की दिवा पेल्याच्या उजवीकडे ठेवा. सहाही जण उजवीकडे वाकतात, कारण अंधाऱ्या बाजूला ऑक्सिन नावाचं वाढीचं द्रव्य जास्त जमतं आणि ती बाजू लांब होते. दुसऱ्या दिवशी दिवा डावीकडे. मंडळी डावीकडे! व्हिडिओत ही कवायत फार मजेदार दिसते.

आता दोन फोटोंमध्ये अंतर किती ठेवायचं? टाइमलॅप्सचं अर्धं मर्म इथेच आहे. आधी स्वतःला विचारा, ही गोष्ट घडायला किती वेळ लागेल? मग विचारा, मला सिनेमा किती सेकंदांचा हवाय? पंधरा-वीस सेकंद भरपूर झाले, त्याहून जास्त असेल तर पाहुणे चुळबुळ करतात. वीस सेकंदांना ५०० फोटो लागतात. घटनेचा सगळा वेळ त्या ५०० फोटोंमध्ये वाटून टाका, की अंतर आलं.

पण अंतर फार लांबलं तर कॅमेराही फसतो. घरातलं तेच घड्याळ घ्या. दर बारा तासांनी एक फोटो काढला, तर तासकाटा काय करेल? प्रत्येक फोटोत तिथेच! व्हिडिओत तो मेल्यासारखा उभा दिसेल. आणि दर अकरा तासांनी काढला तर? पहिल्या फोटोत बारावर, दुसऱ्यात अकरावर, तिसऱ्यात दहावर. काटा चक्क उलटा चालेल! सिनेमात गाडी पुढे जाताना तिची चाकं मागे फिरताना दिसतात ना, ती हीच फसवणूक. मुगाचे फोटो मी दर दोन तासांनी काढले असते, तर तो झुलतोय हे मला कळलंच नसतं. नुसता धक्के खात वर जाताना दिसला असता. म्हणून शंका असेल तेव्हा फोटो जास्त काढा. नको असलेले पुढे गाळता येतात, न काढलेले कुठून आणणार?

मूग हा काही एकटा नट नाही. पावसाळ्यात घाटात गेलात तर ढगांचा करा. दर तीन सेकंदांनी एक, वीस मिनिटं. डोंगरावरून ढग दुधासारखे उतू जाताना दिसतात. इडलीच्या पिठासाठी काचेची बरणी घ्या, दर मिनिटाला एक फोटो, रात्रीचे आठ तास. बरणी अर्धीच भरा, नाहीतर सकाळी सिनेमा आणि ओटा दोन्ही पुसायला लागतील. कुणाच्या गच्चीत ब्रह्मकमळ असेल आणि कळी फुगली असेल, तर त्या रात्री जागं राहायची परवानगी काढून ठेवा. रात्री आठ ते बारा, दर वीस सेकंदांनी. अंधारात फुलावर एक छोटा दिवा कायम हवा. सकाळपर्यंत ते फूल मान टाकतं, त्यामुळे ‘उद्या करू’ इथे चालत नाही. मुंबईकर असाल तर हाजीअलीचा रस्ता भरतीत पाण्याखाली जाताना टिपता येईल. फक्त आधी भरतीची वेळ बघा, आणि लांबून. सूर्याकडे कॅमेरा रोखून ठेवू नका, कॅमेऱ्याचे आणि तुमचे दोघांचेही डोळे खराब होतात.

खरं म्हणजे तुम्ही टाइमलॅप्स अनेकदा पाहिलाच आहे, फक्त त्याला त्या नावाने हाक मारली नसेल. पावसाळ्यात बातम्यांमध्ये भारताच्या नकाशावर पांढरे ढग भिरभिरत सरकतात ना? ते आपल्या इन्सॅट उपग्रहांनी सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून थोड्या थोड्या वेळाने काढलेले फोटो असतात, एकामागून एक लावलेले. चक्रीवादळ कुठे वळतंय हे त्यावरूनच दिसतं. तिकडे ढग, इकडे मूग. युक्ती एकच.

आणि फोन मिळालाच नाही तर? रुसून बसू नका. कॅमेऱ्याशिवाय हा पहारा करणारा एक माणूस होऊन गेला. चार्ल्स डार्विन! म्हातारपणी त्यांनी मुलाला, फ्रान्सिसला, हाताशी घेऊन रोपं कशी हलतात याचा ध्यास घेतला होता. १८८०मध्ये त्यावर जाडजूड पुस्तकही लिहिलं. त्यांची युक्ती अशी होती, की रोपासमोर काच उभी करायची आणि ठरावीक वेळाने कोंबाचं टोक जिथे दिसेल तिथे काचेवर ठिपका द्यायचा. मग ठिपके जोडायचे. वेडीवाकडी, गोल गोल वळणं घेणारी रेघ उमटायची. मूग झुलतो म्हणून मी जो एवढा हरखलो होतो, ते रोपांचं झुलणं डार्विन बापलेकांनी नुसत्या ठिपक्यांवरून ओळखलं होतं.

तुम्हांलाही ते जमेल. मुगाच्या पेल्यासमोर पारदर्शक प्लास्टिकचा कागद उभा चिकटवा. एक डोळा मिटून, हनुवटी दरवेळी त्याच पुस्तकाच्या थप्पीवर टेकवून बघा आणि दर अर्ध्या तासाने स्केचपेनने ठिपका द्या. हनुवटी हलली तर मूग हलला असं वाटेल, तेव्हा थप्पीला हात लावू नका. सुट्टीचा एक दिवस पुरे.

फोनने करणार असाल किंवा ठिपक्यांनी, मूग आज रात्रीच भिजत घाला. विमान मोड, चार्जर, वीट आणि चिठ्ठी, चारही गोष्टी झोपायच्या आधी जागेवर हव्यात. मूग मात्र मूठभर भिजवा. पेल्यात सहाच लागतात, उरलेल्यांची परवा उसळ होईल.